लॅपटॉपवर फोटो फुटलेला का दिसतो?

मोबाइलवर छान दिसणारा फोटो लॅपटॉपवर उघडला की फुटतो. बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा नसतो, त्यामुळे दुरुस्तीला नेण्याआधी डेस्कटॉपवरची अक्षरे पाहा. तीही धूसर असतील, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेले रिझोल्यूशन निवडा.

अक्षरे स्पष्ट असतील, तर फोटोतच पिक्सेल कमी आहेत. फुल एचडी स्क्रीनवर १९२०×१०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात; ६४०×४८० च्या फोटोत जेमतेम तीन लाख. तो पूर्ण स्क्रीनभर ताणला की चौकोन दिसणारच.

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो. गेलेले बारकावे कुठलेही ॲप जसेच्या तसे परत आणत नाही. म्हणून लग्नाचे, आजी-आजोबांचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, तेही समोरच्याने मूळ फोटो डिलीट करण्याआधी.