पंचाहत्तर रुपयांचा वाद

नागपूरच्या धंतोलीत लोकमान्यांचे नाव दोन वास्तूंना आहे. एक टिळक विद्यालय आणि दुसरे टिळक पत्रकार भवन. शेजारच्या काँग्रेसनगराने १९२० सालच्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण आपल्या नावात जपली आहे. त्या डिसेंबरात देशभरातून प्रतिनिधी येथे लोटले, तेव्हा टिळकांना जाऊन पाचच महिने झाले होते. साहजिकच नागपूरकरांना ठाऊक असलेले टिळक ‘केसरी’चे आणि स्वराज्याचे. त्यापूर्वी दहा वर्षे ते मास्तर होते, गणित शिकवीत होते, आणि स्वतः उभारलेल्या संस्थेतून एके दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडले, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकले जाते. तो राजीनामा इंग्रज सरकारच्या रोषामुळे झाला नव्हता. त्याच्या मुळाशी पगार होता, आणि पगाराविषयी सहकाऱ्यांनी एकमेकांशी कसे बोलावे हा प्रश्न होता. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत कोणी ना कोणी शाळा-महाविद्यालयात शिकविते. त्या घरांना ही जुनी हकीकत परकी वाटणार नाही, असा आमचा समज आहे.

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले होते, टिळक नुकतेच कायद्याची पदवी घेऊन. पहिल्या वर्षी टिळकांनी पगार घेतला नाही. पुढच्या वर्षी गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. वामन शिवराम आपटे आणि माधवराव नामजोशी हेही मंडळीत होते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. या संस्थेची घडण त्या काळी अपूर्व होती. तिला धनी नव्हता. जे शिकवीत तेच आजीव सदस्य, आणि तेच कारभारी. वीस वर्षे सेवा करण्याचे वचन प्रत्येकाने दिलेले. वेतन आरंभी तीस-चाळीस रुपये, आणि पुढे महिना ७५ रुपयांवर स्थिरावलेले. शिवाय मागे राहणाऱ्या कुटुंबासाठी ३००० रुपयांचा आयुर्विमा. सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकाला याच्या कितीतरी पट मिळत असे.

पैशाची ओढ सदाचीच होती. फी कमी ठेवायची, सरकारी अनुदानावर फार विसंबायचे नाही, आणि देणगीदारांपुढे हात पसरताना मानही वाकवायची नाही! अशा संस्थेत तिजोरीत किती आहे हे कोणापासून लपत नाही. जमाखर्च सर्वांसमोरच होत असे. आज ज्याला आपण पारदर्शकता म्हणतो, ती तेथे पुरेपूर होती. तरीही मंडळी फुटली. आम्हांस या प्रकरणात विचार करण्यासारखे वाटते ते हेच.

मतभेद १८८७ च्या सुमारास उघड झाला. आगरकरांचे म्हणणे, संसार वाढले आहेत, तेव्हा सर्वांचा पगार थोडा वाढवावा. त्यांना दमा होता, घरी मुलेबाळे होती, आणि सुधारकी मतांमुळे आप्तेष्टांचा आधार तुटला होता. टिळकांचे म्हणणे, सरसकट वाढ नको. कोणावर अडचण आलीच तर त्या प्रसंगापुरते साहाय्य संस्थेने करावे. बाहेरून मिळविलेला पैसा संस्थेचा समजावा, आणि सारा वेळ संस्थेलाच द्यावा. वरवर पाहता हा पाच-दहा रुपयांचा वाद. परंतु आगरकरांच्या योजनेत वाढ हा हक्क होता, टिळकांच्या योजनेत ती मागून घ्यावयाची मदत होती. स्वाभिमानी माणसाला दुसऱ्याच्या दारात उभे राहून आपल्या घरातली अडचण सांगणे किती जड जाते, हे वेगळे सांगावयास नको. मग तो दुसरा आपला मित्र का असेना.

बाहेरच्या कमाईचा प्रश्न याहून बिकट होता. प्राचार्य आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. असा कोश रात्री जागून लिहिला, तर तो वेळ कोणाचा? आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. गोपाळ कृष्ण गोखले त्यात इंग्रजी मजकूर लिहीत. इकडे टिळकही वृत्तपत्राच्या व्यापातून मुक्त नव्हते, आणि कायद्याचा वर्गही चालवीत होते. ‘केसरी’ त्या दिवसांत नफ्याचा नव्हे, कर्जाचा धंदा होता हे खरे, पण वेळ तर त्यातही जातच होता. होळकर महाराजांच्या एका देणगीवरूनही कटुता आली. प्रत्येक प्रश्न सभेत येई, त्यावर तावातावाने भाषणे होत, मते घेतली जात आणि ठराव होई. टिळक बहुधा अल्पमतात राहत. प्रश्न निकालात निघे, मनातून मात्र निघत नसे.

अखेरचे निमित्त १८९० मध्ये झाले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. आजीव सदस्याने संस्थेबाहेरचा एवढा भार घ्यावा काय, असा टिळकांचा आक्षेप. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणे सांगणारे प्रदीर्घ निवेदन सादर केले. त्यात आरंभापासूनच्या मतभेदांचा कलमवार इतिहास आहे. आणि त्यातच, आमच्या वाचकांना नवल वाटेल, येशूसंघाचा दाखला आहे. येशूसंघीय धर्मगुरूंप्रमाणे निर्वाहापुरते घेऊन आयुष्य शिक्षणास वाहावे, हा आपला मूळ संकल्प होता आणि सहकाऱ्यांनी तो सोडला, असे टिळकांचे प्रतिपादन.

हा दाखला सहज सुचण्याजोगा होता. मुंबईत येशूसंघीयांचे सेंट झेवियर महाविद्यालय १८६९ पासून चालू होते. आपल्या नागपुरातही दुसऱ्या एका संघाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या धर्मगुरूंनी १८७० मध्ये शाळा काढली होती. मिशनऱ्यांच्या शाळा पुण्यातील मंडळींना प्रतिस्पर्धी वाटत, तरी त्यांचा त्याग डोळ्यांत भरत असे. परंतु तुलना करताना दोन गोष्टी निसटल्या, असे आम्हांस वाटते.

पहिली उघड आहे. येशूसंघीय दारिद्र्याचे व्रत घेतो तेव्हा ब्रह्मचर्याचेही घेतो. आजारपणात आणि म्हातारपणी संघ त्याला सांभाळतो, आणि त्याच्या व्रतापायी कोणाचे मूल दुधावाचून राहत नाही. फर्ग्युसनचे प्राध्यापक प्रापंचिक होते. त्यांनी स्वतःपुरता त्याग केला असे म्हटले, तरी तो यशोदाबाई आगरकरांनाही करावा लागला, आणि त्यांना कोणी सभेत विचारले नव्हते.

दुसरी गोष्ट कमी ध्यानात येते. संत इग्नाशियस यांनी आपल्या संघटनेला केवळ आज्ञापालन दिले नाही, बोलण्याची रीतही दिली. संघाचा प्रत्येक सभासद वर्षातून एकदा आपल्या प्रांताधिकाऱ्यापुढे मन मोकळे करतो. काय जमते, काय सलते, कोणते काम झेपत नाही, हे तो एकांतात सांगतो, आणि ऐकणाऱ्याने ते गुप्त राखावयाचे असते. दूरदेशी गेलेल्यांनी नियमाने पत्रे लिहावयाची. संत फ्रान्सिस झेवियर यांची भारतातून रोमला गेलेली पत्रे याच शिस्तीतली. पुण्याच्या मंडळींनी येशूसंघाकडून दारिद्र्याचा आदर्श घेतला. ही रीत घेतली नाही. त्यांच्याजवळ सभा होती, बहुमत होते, इतिवृत्त होते. सलणारी गोष्ट चढ्या आवाजाशिवाय सांगण्याची जागा नव्हती. ‘निर्वाहापुरते’ म्हणजे किती, आणि ते ठरविणार कोण, हे १८८५ मध्ये शांतपणे बोलून लिहून ठेवावयाचे, ते १८९० मध्ये राजीनाम्यात लिहिले गेले.

न्याय कोणाच्या बाजूला होता, याचा निवाडा करणाऱ्यांनी आजवर पुष्कळ शाई वाहिली आहे. आमचा कल आगरकरांकडे झुकतो, हे लपविण्यात अर्थ नाही. १८९२ मध्ये आपटे वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, तेही गेले. आपल्या अंत्यविधीसाठी थोडे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. टिळकांच्या जागी गणित शिकविण्यास १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. संस्था टिकली, वाढली, आणि आजही चालू आहे.

आता पुन्हा विदर्भात येऊ. येथे नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. स्वातंत्र्योत्तर काळात अनुदानाची व्यवस्था वाढत गेली, आणि अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांचा पगार सरकारकडे गेला. कुलगुरू आणि प्राचार्य यांच्या हातची थैलीच गेली. २०१३ साली याचा अर्थ सर्वांना कळला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी द्यावयाची होती. तिचा ८० टक्के भार केंद्राचा, २० टक्के राज्याचा. राज्य म्हणे, केंद्राचे पैसे येऊ द्या. केंद्र म्हणे, आधी तुम्ही द्या आणि मग मागा. नेट-सेट नसलेल्या, १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या प्राध्यापकांचाही प्रश्न लोंबकळत होता. ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत, उच्च न्यायालयाने लक्ष घालीपर्यंत, राज्यभर परीक्षांच्या कामावर बहिष्कार राहिला. नंतर ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले. या काळात प्राध्यापकाने प्राचार्यांना विचारावे, प्राचार्यांनी विद्यापीठाकडे बोट दाखवावे, तेथून सहसंचालकांकडे, तेथून मुंबईकडे आणि मुंबईने दिल्लीकडे. खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि उत्तरही कोणी देत नव्हते.

विदर्भातील प्राध्यापकांनी या अंधारावर एक साधा उपाय फार पूर्वीच शोधला होता. ‘नुटा’ या त्यांच्या संघटनेचे ‘नुटा बुलेटिन’ वर्षानुवर्षे शासननिर्णय, परिपत्रके, पत्रव्यवहार आणि न्यायालयीन आदेश जसेच्या तसे छापीत आले. विधान परिषदेत दीर्घकाळ राहिलेले बी. टी. देशमुख हे त्यामागचे प्रमुख नाव. ते वाचणे मनोरंजक असते असे आम्ही म्हणणार नाही! पण आपल्या पगाराचा कागद कोणत्या टेबलावर अडला आहे, हे खेड्यातल्या प्राध्यापकालाही त्यातून कळत असे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती आणली. वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे पाठविणे हे तिचे एक काम. तिच्यात तीन शिक्षक निवडून जातात, आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. आगरकरांनी जे मागितले असते, ते बरेचसे यात आहे. मात्र या तिघांना निवडून देतात ते पूर्णवेळ शिक्षक. पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून जे वर्ग चालविले जातात, तेथे तासिका तत्त्वावर शिकविणारी तरुण मुले-मुली उभी असतात. तासाचे मोजून मिळते, सुटीत काहीच मिळत नाही, आणि मिळते तेही कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा. अंदाजपत्रकातील काटकसर सर्वांत आधी ज्यांच्या घरी पोहोचते, त्यांना त्या निवडणुकीत मत नाही.