एचटीएमएल ईमेल सगळीकडे सारखा का दिसत नाही?

फोनवर झकास दिसणारा ईमेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडला की पार विस्कटतो. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते बघूया.

ईमेलमधला कोड कसा दाखवायचा हे प्रत्येक ॲप आपापलं ठरवतं. आयफोनचं मेल ॲप सफारीचंच इंजिन वापरतं, त्यामुळे तिथे बहुतेक सगळं चालतं. जीमेल त्याला मान्य नसलेलं सीएसएस काढून टाकतं. आणि विंडोजवरचं क्लासिक आउटलुक? ते २००७ च्या आवृत्तीपासून चक्क वर्डचं इंजिन वापरतं! तिथे फ्लेक्सबॉक्स, ग्रेडियंट, गोल कोपरे काहीच चालत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं. परीक्षेचा स्लॉट बुक करण्याचा ईमेल मी बनवला होता. बटणाला निळा ग्रेडियंट, वर पांढरी अक्षरं. आउटलुकने ग्रेडियंट गाळला आणि उरली पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. ज्यांनी ईमेल तिथे उघडला त्यांना बटण दिसलंच नाही, काहींचा स्लॉट हुकला. मी फक्त माझ्या फोनवर तपासलं होतं.

तेव्हापासून मी हे पाळतो:

१. मांडणी टेबलमध्ये करा, रुंदी साधारण ६०० पिक्सेल ठेवा.
२. महत्त्वाचं सीएसएस थेट त्या-त्या टॅगमध्ये लिहा.
३. बटणाच्या सेलला आधी साधा गडद रंग द्या, ग्रेडियंट नंतर. ग्रेडियंट गेला तरी अक्षरं वाचता येतात.
४. तारीख, वेळ, लिंक फोटोत टाकू नका. बऱ्याच ठिकाणी फोटो आपोआप दिसत नाहीत. प्रत्येक फोटोला ऑल्ट मजकूर द्या.
५. एचटीएमएल १०२ केबीच्या आत ठेवा, नाहीतर जीमेल पुढचा भाग लपवतं. युटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीत अक्षराला ३ आणि काना-मात्रेला वेगळे ३. म्हणजे मराठी ईमेल लवकर फुगतो.
६. खास फॉन्टवर विसंबू नका, जीमेल आणि आउटलुक तो बहुधा दाखवत नाहीत. ओळींमध्ये जागा सोडा, म्हणजे मात्रा-वेलांट्या कापल्या जाणार नाहीत.

सगळीकडे हुबेहूब सारखं दिसणं शक्य नाही, आणि गरजही नाही. मजकूर वाचता आला आणि बटण दाबता आलं, की काम झालं. पाठवण्याआधी निदान जीमेल, आउटलुक आणि एका आयफोनवर स्वतः उघडून बघाच!