आत्याचे नाव काय?

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. मंडळाची आरती आटोपून मी नुकताच घरी आलो होतो. ती म्हणाली, "बाबा, आमच्या शेजारच्या आजींना त्यांचे वडील १९५० च्या जनगणनेत सापडले. नाव, वय, घराचा पत्ता, कामधंदा, सगळं कॉम्प्युटरवर! आजोबा सांगायचे ना, ती त्यांची आत्या? तिलाही असंच शोधा की."

ती आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. वडील सहा वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या. घरातली बाकीची माणसे भीतीने लांब राहिली. आत्या मात्र रात्रंदिवस उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत राहिली. पुढे ती सासरी दूर गेली आणि येणे-जाणे तुटले. वडील शेवटपर्यंत म्हणत, "तिच्यामुळे मी आहे." आमच्या घरात तिचा फोटो नाही, पत्र नाही. मग म्हटले, बघू या.

अमेरिकेत जनगणनेच्या नोंदी ७२ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. म्हणूनच १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे थांबतात. तिथली १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये वाचायला मिळाली. आपल्याकडे देशभर एकाच वेळी पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली आणि तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. म्हणजे आपली माणसे सहज सापडायला हवीत!

पण तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माणसागणिक नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्या अमुक वर्षांनी खुल्या होतील, अशी मुदतही कायद्यात नाही. जुन्या शिरगणत्यांचे घरोघरचे मूळ तक्ते तर आकडे काढून झाल्यावर बहुतेक नष्टच केले गेले. उरतात ती कोष्टके. २०११ साली कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे वीस लाखांहून अधिक लोक होते, हे जनगणना सांगते. त्यातला मी कोण, हे सांगत नाही. सुरुवातीला मला याचा रागच आला. पण दारात आलेल्या परक्या माणसाला आपण घरची सगळी माहिती देतो, ती या वचनावरच, हेही तितकेच खरे.

याला एक मोठा अपवाद आसामचा. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून तिथे नागरिकांची नोंदवही केली गेली होती. ती आणि १९७१ पर्यंतच्या मतदार याद्या अलीकडे संगणकावर आणल्या गेल्या. लोकांनी त्यात आपले आजे-पणजे शोधले, पण हौस म्हणून नव्हे, नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. कागदावरच्या एका नावाची किंमत किती, हे त्यांना विचारावे.

महाराष्ट्रातही २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली. शाळेची दाखल-खारिज रजिस्टरे, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, महसुली कागद, हे सारे तपासले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या वेळी हैदराबाद गॅझेटचीही खूप चर्चा झाली. त्यातही शिरगणतीचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. नाव हवे तर गावच्या दप्तराकडेच जावे लागते.

मीही तेच केले. दिवाळीत गावी सातारा जिल्ह्यात गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्र्यंबकेश्वर गाठले. गुरुजींनी मूळ गाव आणि आडनाव विचारले आणि अर्ध्या तासात लांबट वही पुढ्यात ठेवली. पणजोबा १९३८ साली आले होते. मोडीतला मजकूर गुरुजींनी वाचून दाखवला: त्यांचे भाऊ, मुलगे, पुतणे. खाली आजोबांची वळणदार सही. ज्यांना कधी पाहिलेच नाही, त्यांच्या सहीवरून मी बोट फिरवले आणि डोळे भरून आले. (अशा कितीतरी वह्यांच्या, विशेषतः हरिद्वारच्या, फिल्म अमेरिकेतल्या वंशावळ संस्थेने घेतल्या आहेत आणि त्या संगणकावरही पाहता येतात.)

पण आमच्या त्या नोंदीत एकाही मुलीचे नाव नव्हते.

मग पुतण्याने महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर गावचे जुने फेरफार काढून पाहिले. पणजोबा १९५८ मध्ये गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे मुलीही वारस झाल्या होत्या, म्हणून त्यांच्या पश्चात झालेल्या वारस नोंदीत आत्या सापडली. सासरचे नाव, पुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार, आणि नवऱ्याचे नाव. त्याच्याच पुढच्या फेरफारात तिने भावांच्या लाभात आपला हक्क सोडल्याची नोंद होती, अंगठ्यासह. साऱ्या सरकारी दप्तरात ती आम्हाला एकदाच भेटली, तीही जाता जाता.

हे सासरचे नाव. माहेरचे काय? लग्नात नाव बदलण्याची आपली रीत. घराण्यातल्या सर्वांत वडील काकूंना फोन केला. त्या नव्वदीच्या आहेत. बराच वेळ आठवून म्हणाल्या, "अरे, आम्ही सगळे तिला आक्काच म्हणायचो. नाव कोण घेतंय!"

हे आमच्याच घरचे नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गाळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते.

आपण देवनहळ्ळीकर मंडळी नोकरीनिमित्त इथे आलेली. कोणी विमानतळावर, कोणी कारखान्यात, कोणी संगणकाच्या कंपनीत. या भागात मराठी माणूस नवा नाही. शेजारचे दोड्डबळ्ळापूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पण आपल्या मुलांना गावचा तलाठी ठाऊक नाही, मोडी तर आपल्यालाही येत नाही. त्यातून इथल्या कागदोपत्री आडनावाच्या जागी एखादे इंग्रजी अक्षर येते. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे आपल्याला शोधू लागली, तर त्यांनी कुठून सुरुवात करायची?

म्हणून एक विनंती. या गणपतीत घरी मोठी माणसे येतील. आरती झाली की त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव, तालुका, कुलदैवत लिहून घ्या. आजी, पणजी, आत्या, मावशी यांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे लिहा. दत्तक कोण गेले, घर सोडून कोण गेले, तेही लिहा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे घाला. फार वेळ लागत नाही, पण काकूंसारखी माणसे फार काळ असत नाहीत.

माझ्या वहीत मी आत्याचे सासरचे नाव लिहिले आहे. त्याच्याआधी थोडी जागा कोरी ठेवली आहे. तिच्या सासरच्या गावी कोणी नातू-पणतू असतील, तर त्यांना भेटायला या दिवाळीत जाणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!