शीळ (ध्वनिमुद्रिका)

'शीळ' ही गायक जी. एन. जोशी यांची १९३०च्या दशकाच्या प्रारंभी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने काढलेली ध्वनिमुद्रिका होय. मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. गीताचे कवी ना. घ. देशपांडे असून चाल स्वतः जोशी यांची आहे. त्या वेळी कवी आणि गायक दोघेही विशीत होते.

कवी आणि परिसर

देशपांडे (१९०९–२०००) यांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातील सेंदूरजन येथे झाला. पुढे त्यांनी मेहकर येथे वकिली केली. लोणार पूर्वी मेहकर तालुक्यातच मोडत असे. मेहकरच्या कंचनीने लोणारच्या देवीचा दिवा दिसेल इतका उंच महाल बांधावयास घेतला, अशी लोककथा या भागात सांगितली जाते. 'कंचनीचा महाल' हे नाव देशपांडे यांच्या एका काव्यसंग्रहासही मिळाले आहे.

स्वरूप

रानातून येणारी प्रियकराची शीळ ऐकून व्याकूळ झालेल्या ग्रामीण तरुणीचे मनोगत या गीतात आहे. तोपर्यंत मराठी ध्वनिमुद्रिकांवर प्रामुख्याने नाट्यपदे आणि शास्त्रीय गायन असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असल्याने लहान भावकविता या माध्यमास अनुकूल ठरली. येथे तानांपेक्षा शब्दार्थाला प्राधान्य मिळाले आणि हेच पुढे भावगीताचे मुख्य लक्षण ठरले.

परिणाम

'शीळ' हा देशपांडे यांचा पहिला काव्यसंग्रह १९५४ मध्ये प्रकाशित झाला. म्हणजेच ही कविता संग्रहरूपाने वाचकांच्या हाती येण्यापूर्वी सुमारे दोन दशके श्रोत्यांच्या ओठी होती. खेड्यापाड्यांत राहून लिहिणाऱ्या कवीला छापील ग्रंथाआधी तबकडीने महाराष्ट्रभर पोहोचविल्याचे हे ठळक उदाहरण आहे. मात्र गीताच्या लोकप्रियतेमुळे त्यांची इतर कविता काहीशी झाकोळली गेली. 'खूणगाठी' या संग्रहासाठी त्यांना १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कायद्याचे पदवीधर असलेले जोशी १९३८ मध्ये याच कंपनीत अधिकारी झाले आणि पुढे त्यांनी अनेक कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाच्या एका दिवसावर आधारलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ही प्रसिद्ध वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच निर्मितीतील आहे.