फडणिशी ते फायनान्स : आपल्या बडोद्याची गोष्ट

फडणीस, पोतनीस, मजुमदार ही आडनावं बडोद्यात आजही दारांवरच्या पाट्यांवर दिसतात. सगळी हिशेबाच्या हुद्द्यांवरून आलेली. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि सारी नोकरी कर्ज खात्यात गेली. म्हणून हे हिशेबाचं काम कसकसं बदललं ते लिहितो आहे.

जुन्या गायकवाडीत नगद पैसा असे तो पेढ्यांवर. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ ही नावं जुन्या मंडळींना ठाऊक आहेत. दरबाराला पैसा लागला की पेढी देई आणि महसुलातून व्याजासकट वसूल करी. 1802 साली अरब शिबंदीचा थकलेला पगार चुकवायला इंग्रज कंपनीकडून आणि सावकारांकडून कर्ज घ्यावं लागलं. सावकारांच्या पैशाला हमी कंपनीची. त्या हमीच्या वाटेनं रेसिडेंट कारभारात शिरला. दप्तरात झालेला खर्च नीट लिहिला जाई हो, पण नुसत्या लिहिण्यानं कर्ज थोडंच थांबतं?

1875 मध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. त्यांनी जमाखर्चाची घडी बसवली. पुढे सयाजीराव महाराजांनी 1906-07 च्या सुमारास सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर नेलं, ते तिजोरी ताळ्यावर होती म्हणून जमलं. 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा निघाली. वसूल भांडवल 10 लाख रुपये. दरबाराच्या गरजेवर जगणारा पैसा आता व्यापार-उद्योगाच्या कामाला लागला.

कारखान्यांतलं अकाउंट्स खातं मात्र बरीच वर्षं जुन्या फडणिशीसारखंच राहिलं. व्हाउचर, पगार, सेल्स टॅक्स आणि वर्षाअखेरीचा ताळेबंद. आम्ही बँकवालेही गोदामात माल किती ते बघून कर्ज द्यायचो. 1975 मध्ये टंडन समितीचा अहवाल आला आणि चित्र पालटलं. कोणत्या धंद्यात कच्चा माल किती महिन्यांचा असावा, उधारी किती असावी, याची मापं ठरली. दर तिमाहीला अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे मागवणं सुरू झालं. अकाउंटंटला खुर्ची सोडून स्टोअरकीपरकडे जावंच लागलं, “एवढा माल कशाला पडलाय?” म्हणून विचारायला.

साधा हिशेब बघा. 1 कोटीचा माल विनाकारण पडून आहे आणि व्याज 15 टक्के, तर वर्षाला 15 लाख गेले. तो माल कमी केला की एकही नग जास्त न विकता 15 लाख वाचले. वहीत हे कुठेच वेगळं लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका कारखान्यात फायनान्सच्या साहेबांनी मशीनची दुरुस्ती लांबवून दोन वर्षं नफा फुगवून दाखवला. तिसऱ्या वर्षी माल परत येऊ लागला, ऑर्डरी गेल्या, आमचा हप्ताही थकला. त्यात माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत आपल्या ओळखीची घरंही होती. नुसती काटकसर म्हणजे फायनान्स नव्हे. कुठला पैसा राखायचा आणि कुठला वेळेवर घालायचा, हे कळलं पाहिजे.

आता नोंदी कॉम्प्युटर करतो. नवं मशीन घ्यायचं का, कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी द्यायची, हे ठरण्याआधीच फायनान्सवाल्याला बोलावतात. तेव्हा घरातलं कोणी सी.ए. करत असेल तर “नुसतं अकाउंट्स” म्हणू नका. आपल्या मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवले, पण स्वतःचा धंदा काढायला बिचकलो. हिशेब तर आपल्याला येतच होता. पुढच्या पिढीनं तो स्वतःसाठीही वापरावा.

आणि एक विनंती. माळ्यावर मोडीतल्या कीर्द-खतावण्या असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढून इथे टाका. मोडी वाचणारे अजून आहेत आपल्यात.