समृद्धीवर टायर का फुटतो? वर्ध्यातल्या एसयूव्ही मालकांसाठी हवा, टोचन आणि देखभालीचं साधं गणित

समृद्धी महामार्गावर अपघात झाला की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो. 'टायर फुटला.'

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा जीव गेला. त्यात वर्धा जिल्ह्यातलेही होते. तेव्हाही चालकाने आधी टायर फुटल्याचंच सांगितलं होतं. आरटीओच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे टायरच्या नावावर बरंच काही खपून जातं. पण जिथे तो खरंच फुटतो, तिथेही तो बहुतेक वेळा 'अचानक' फुटत नाही. त्याची सुरुवात बरीच आधी, गाडी घरासमोर उभी असतानाच झालेली असते. महागड्या एसयूव्हीच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. कसं ते बघू.

मोठ्या गाडीचा प्रश्न वेगळा का?

पहिलं कारण वजन. फॉर्च्युनर, क्यू७, रेंज रोव्हर अशा गाड्यांचं वजन साधारण दोन ते अडीच टन असतं. त्यात पाच-सहा माणसं आणि शिर्डीला निघालेल्या कुटुंबाचं सामान मिळवा.

दुसरं कारण वेग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि वर्ध्याच्या लोकांना येळाकेळी, विरुळ इथून थेट समृद्धीवर चढता यायला लागलं. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ८० ऐवजी १२० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण गाडीत साठलेली ऊर्जा सव्वादोनपट होते. ब्रेक दाबल्यावर ती सगळी जिरवायची असते टायर आणि ब्रेकनाच.

तिसरं कारण जरा मजेशीर आहे. गाडी जितकी महाग, तितकी ती शांत. साध्या गाडीत हवा कमी झाली की स्टीअरिंग जड होतं, गाडी एका बाजूला ओढते. इथे भारी सस्पेन्शन आणि पॉवर स्टीअरिंग ते जाणवू देत नाही. शिवाय या गाड्यांच्या टायरची कड आखूड आणि कडक असते. हवा पाच-सहा पीएसआय कमी असली तरी टायर बघून कळत नाही.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' हा सल्ला चुकीचा का?

विदर्भात हा सल्ला प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, खाली सिमेंटचा रस्ता, मग हवा फुगून टायर फुटणार. ऐकायला पटतं. पण होतं उलटंच.

तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. पहाटे ३५ भरलेली हवा दुपारी हायवेवर ४० पर्यंत जाऊ शकते. टायर बनवताना ही वाढ धरलेलीच असते.

हवा कमी असेल तर टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि परत सरळ होते. एखादी तार हाताने सारखी वाकवली की ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच हे. १२० च्या वेगाने टायर मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेतो. आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते, आणि टायर फाटतो. सिमेंटचा तापलेला रस्ता त्यात भर घालतो, पण सुरुवात कमी हवेपासून होते.

मग करायचं काय?

• ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतील, एक नेहमीसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. कुटुंब आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा धरायचा.
• हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. गाडी किमान तीन तास उभी असावी.
• वाटेत ढाब्यावर थांबल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नका. टायर थंड झाला की ती कमी पडते.
• डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो लागेपर्यंत हवा बरीच उतरलेली असते.

नायट्रोजनचं काय? भरला तर तोटा नाही. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्महिने टायर तपासायचेच नाहीत, हे मात्र चालणार नाही.

टायरवर लिहिलेलं वाचता येतं का?

समजा टायरवर '२६५/६० आर १८ ११० एच' असं लिहिलंय. २६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, १८ म्हणजे इंचात रिम. यापुढचे आकडे बहुतेक जण बघतच नाहीत. ११० म्हणजे हा एक टायर १०६० किलो पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. टायर बदलताना मापाबरोबर हे दोन्ही कंपनीने सांगितल्याइतके किंवा जास्तच हवेत. 'माप तेच आहे, स्वस्तात बसतंय' एवढ्यावर घेऊ नका.

'डीओटी' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. आपल्याकडे अनेक मोठ्या गाड्या आठवड्यातून एकदा बाहेर निघतात. त्यांच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. दहा वर्षं झाली की नक्षी कशीही असो, टायर काढा.

कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांमध्ये छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. गुळगुळीत टायरच्या गाड्यांना समृद्धीवर चढण्याआधीच अडवण्याची मोहीमही आरटीओने राबवली आहे.

आणि गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर एकच नवा टायर टाकून भागत नाही. चारही टायरचा घेर जवळपास सारखा लागतो, नाहीतर डिफरन्शियलवर कायमचा ताण येतो. वाचवलेल्या टायरच्या पैशांपेक्षा ते काम कितीतरी महाग पडतं.

पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर निघतं. कडेला असेल तर पंक्चरवाला कितीही ओळखीचा असो, टायर बदलायचाच. बारीक स्टेपनी लावली असेल तर वेग ८० च्या आत ठेवा.

गाडी बंद पडली, आता टोचन कसं करायचं?

इथे सगळ्यात महागडी चूक होते. मदतीला आलेला ट्रॅक्टरवाला किंवा क्रेनवाला दोर बांधतो, नाहीतर पुढची दोन चाकं उचलतो आणि निघतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दोन चाकं वर आणि दोन फिरती, म्हणजे मधली यंत्रणा जाण्याची भीती.

त्यामुळे फोनवरच स्पष्ट सांगा. 'फ्लॅटबेड पाठवा.' म्हणजे चारही चाकं वर घेऊन नेणारी गाडी.

ती येण्याआधी हे माहीत असू द्या:

• टोचनचा हुक बहुतेक गाड्यांमध्ये टूलकिटमध्ये असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो फिरवून बसवायचा. दोर बंपरला किंवा सस्पेन्शनला बांधू देऊ नका.
• बॅटरी पूर्ण उतरली की गिअर 'पी' मधून निघत नाही आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही. अशा वेळी काय करायचं, ते पान मॅन्युअलमध्ये आधीच शोधून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
• एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी किंवा गाडी वर चढवण्याआधी त्याचा जॅक मोड चालू करायचा.
• साधी गाडी दोराने ओढायची वेळ आलीच, तर नियमाने वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा कमी हवं.

हायवेवर टायर गेला तर जोरात ब्रेक मारू नका. स्टीअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी डावीकडे घ्या. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. वाहत्या रस्त्याकडेला बसून टायर बदलणं फुटलेल्या टायरपेक्षा धोक्याचं आहे.

मदत कुठे मागायची? हिंगणघाटवरून जाणारा ४४ नंबरचा किंवा बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ असा राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिथली हेल्पलाइन वेगळी. चढतानाच फलकावरचा नंबर सेव्ह करा. जीवावरचा प्रसंग असेल तर कुठूनही ११२.

आणखी एक. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्यात किती किलोमीटरपर्यंत गाडी मोफत नेतात ते वाचा. वर्ध्याहून नागपूरचं सर्व्हिस सेंटर पाऊणशे किलोमीटरवर आहे. मर्यादा ५० ची असेल तर उरलेल्याचे पैसे तुमच्याच खिशातून.

बाकी देखभाल

गावातल्या गावात चालणाऱ्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर तुंबतो. अधूनमधून अर्धा तास हायवेवर एकसारख्या वेगाने चालवली की तो आपोआप साफ होतो. शेतरस्त्याची धूळ असेल तर एअर फिल्टर लवकर तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर लावा. आणि चिखलातून आल्यावर चाकं आतूनही धुवा. रिमच्या आत वाळलेली काळी माती चाकाचा तोल बिघडवते, आणि ते १०० च्या पुढे थरथरायला लागतं.

यातलं बरंचसं फुकट आहे. हवेचा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पुढच्या वेळी येळाकेळीहून समृद्धीवर चढायचं असेल, तर त्या दिवशी सकाळी चहाच्या आधी चार टायर आणि पाचवी स्टेपनी तपासा. पाच मिनिटं लागतात.