मेहबूबखाँ नावाची एक ओळ

बालगंधर्वांचे कोणतेही चरित्रपर टिपण उघडले, तर आरंभीच एक वाक्य भेटते. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा शाळकरी वयात जळगावला नातेवाइकांकडे होता आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याने गाण्याचे पहिले धडे घेतले. एवढे सांगून लेखक पुढे जातो. पुढे १८९८ साल असते, पुणे असते, दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटल्याची सर्वश्रुत कथा असते. मग शाहू महाराज येतात, मुलाच्या दुखऱ्या कानावर मिरजेत झालेले उपचार येतात, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीतली शकुंतला येते. टिळकांच्या त्या एका उद्गारावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. ज्याने त्या गळ्याला पहिला षड्ज लावायला शिकवला, त्याच्या वाट्याला मात्र एक ओळ आली.

त्या ओळीभोवतीचा काळ थोडा न्याहाळून पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जळगाव हे जिल्ह्याचे ठाणेदेखील नव्हते. सगळा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले ते १९०६ साली. जळगाव म्हणजे रेल्वेवरची कापसाची पेठ. असे असूनही त्या पेठेत गाणे शिकवणारा एक मुसलमान गवई होता आणि एका ब्राह्मण घरातले मूल त्याच्यासमोर शिकायला बसत होते. ही घटना त्या काळी कोणाला विशेष वाटली नसावी, आणि मला तर हेच विशेष वाटते. पुढे बालगंधर्वांनी ज्यांना गुरू मानले, त्या भास्करबुवा बखल्यांची (१८६९–१९२२) कहाणीही याच वळणाची. बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्या पायाशी बसून ते घडले. बखल्यांच्या या तिन्ही गुरूंची नावे संगीताच्या अभ्यासकाला पाठ असतात, कारण त्यांच्यामागे घराणे किंवा दरबार उभा आहे. मेहबूबखाँच्या मागे जळगाव उभे होते, आणि जळगावचे काही घराणे नव्हते.

आपल्याकडच्या संगीतविषयक लेखनाची चौकट येथे आड येते. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी', प्रा. बी. आर. देवधरांचे 'थोर संगीतकार', गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग' ही मराठीतील या विषयाची मोलाची पुस्तके. त्यांच्यावाचून आपल्याला गायकीविषयी बोलण्याची भाषाच मिळाली नसती. परंतु शीर्षकेच पाहिली तरी कळते की पहिल्याचे लक्ष घराण्यावर आहे आणि दुसऱ्याचे थोरांवर. 'तालीम' हा शब्द आपण घराण्याच्या उस्तादाकडे मिळालेल्या विद्येसाठी जणू राखून ठेवला आहे. त्याआधी मुलाने जे केले ते 'प्राथमिक शिक्षण' ठरते, आणि प्राथमिक शिक्षण देणाऱ्याला आपण इतिहासात एका वाक्यापेक्षा अधिक जागा देत नाही. वास्तविक बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते ते त्याच्या सुरेलपणाविषयी. हा सुरेलपणा जन्मजात देणगी म्हणून सांगितला जातो. असेल. पण देणगी मिळालेला गळाही बालवयात चुकीच्या हाती पडून फाटू शकतो, ओरडून खरखरीत होऊ शकतो. तसे झाले नाही, याचे काही श्रेय जळगावच्या त्या गवयाकडे जाते, असे मी मानतो. हे अनुमान आहे, पण 'दैवी देणगी' हेही अनुमानच.

छोट्या गावी राहून शिकवलेल्या गुरूचे नाव टिकले, असे एक ठळक उदाहरण आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी घेतली. मुंबईत त्यांनी काही काळ जम बसवला, 'संगीत दर्पण' नावाचे मासिकही चालवले; पण दम्याने त्यांना तेथून हलवले. मिरज आणि इचलकरंजी अशा संस्थानी गावांत ते शिकवीत राहिले. फटाक्याने डोळे अधू झालेला एक मुलगा उपचारांसाठी मिरजेला आला आणि त्यांच्यापाशी गाणे शिकू लागला. तोच विष्णु दिगंबर पलुस्कर. शिष्याने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले नसते, तर गुरूचे नाव आज इतक्या ठळकपणे घेतले गेले असते का, याबद्दल मला शंका आहे. त्यांच्या मागे संस्थानिक होते आणि पुढे संस्था निघाली. मेहबूबखाँना मिळाला तो नट. नटाच्या मागे रसिक येतात, नाटक मंडळी येतात, कर्जेही येतात. गुरुपरंपरेची वंशावळ मात्र येत नाही.

१९३१ साली पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. त्यातून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची शिडी उभी राहिली आणि मेहबूबखाँच्या जागी एक नवा माणूस आला : तालुक्याच्या गावचा संगीत-वर्ग चालवणारा मास्तर. बैठकीतले जाणकार या परीक्षांची थट्टा करतात; परीक्षा उत्तीर्ण झाली, गाणे राहून गेले, असे म्हणतात. थट्टेत तथ्य आहेच. पण तानसेन घडोत न घडोत, कानसेन घडावेत, हा विचार पलुस्करांच्याच नावावर सांगितला जातो, आणि या मास्तरला त्याच मापाने मोजायला हवे.

सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यात हे माप लावून पाहावे. इथला कान रिकामा कधीच नव्हता. डफावरचे वहीगायन होते, श्रावणात कानबाईची गाणी होती, आखाजीला माहेरवाशिणींची गाणी होती, मुक्ताईच्या परिसरातली म्हणून भजनाची परंपरा तर घरोघर. (तिकडे तापीकाठी थाळनेर हे लता मंगेशकरांचे आजोळ, आजीकडून त्या पावागढचे गरबे शिकल्या. ही आजीही कोणत्या घराण्याच्या यादीत नाही.) गावच्या संगीत-मास्तराला या भरलेल्या कानाला भूप आणि यमन ओळखायला शिकवायचे असते. सकाळी शाळेत स्वागतगीत, संध्याकाळी वर्गात अलंकार, एकादशीला भजनी मंडळात पेटी, सप्ताहात कीर्तनकाराला साथ, स्नेहसंमेलनाच्या महिन्यात तर घरी जेवायलाही सवड नाही. या माणसावर गाव जीव लावते. त्याची वाट चुकवणारी मुले पुढे पन्नाशीत रेडिओवर एखादी चीज लागली की राग ओळखून चकित होतात, आणि तो कोणी शिकवला ते सांगताना आवाज बदलतो.

मोठा गायक त्यांतून निघत नाही. म्हणून चरित्रात एक ओळ मिळण्याचीही सोय नाही. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचे नाव ठळक असते. शिकवणाऱ्याची आठवण विद्यार्थ्यापाशीच राहते. त्याने विद्यार्थ्यांना उतरवून दिलेल्या बंदिशींच्या वह्या तेवढ्या उरतात. कधी भातखंड्यांच्या स्वरलेखनात, कधी पलुस्करांच्या, बऱ्याचदा दोन्हींची सरमिसळ करून आणि मधेच स्वतःची एखादी खूण घालून. त्या खुणा फक्त त्याच्या विद्यार्थ्यांना वाचता येतात. अशा वह्या जुन्या घरांच्या माळ्यावर, पेटीच्या खोक्यात सापडतात. काही वेळा समासात लावणीचे शब्द असतात, काही वेळा पुढच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब. संगीताच्या इतिहासकाराला हे कागद फुटकळ वाटतील. पण कोणत्या गावात कोणता राग केव्हा पोचला आणि कोणत्या रूपात, हे सांगणारा पुरावा तेवढाच आहे. मेहबूबखाँच्या हातची अशी एखादी वही असती, तर 'जळगावला काय शिकला?' या प्रश्नापाशी बालगंधर्वांच्या चरित्रकाराला इतक्या घाईने पुण्याची गाडी पकडावी लागली नसती.